मापारीकाकांचे फुलफॉर्म

आमच्या देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर कोणी "जालन्याची एसटी गेली का हो?" असं विचारलं आणि नेमके तिथं मापारीकाका उभे असले, तर त्या माणसाची जालन्याची एसटी हमखास चुकते. काका आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. मग विचारतात, "एसटी म्हंजे काय?"

माणूस गोंधळतो. "एसटी म्हंजे... एसटीच न."

"राज्य परिवहन म्हणा. चांगली धडधाकट नावं ठेवली लोकायनं. तुम्ही त्याचे हातपाय काऊन तोडून राह्यले?"

माणूस यावर काही बोलेपर्यंत बस फाटकाबाहेर पडलेली असते. मग पुढची बस येईपर्यंत काका त्याला सोबत करतात, चहा पाजतात आणि मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे चारही शब्द न तोडता त्याचा पत्ता विचारून घेतात.

पुरुषोत्तम त्र्यंबक मापारी हे त्यांचं पूर्ण नाव, आणि ते पूर्णच घ्यावं असा त्यांचा आग्रह. तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. सगळा जन्म 'जा.क्र.', 'मा.', 'उप.' आणि 'सह.' यांच्यात गेला. दुसरा कोणी असता तर त्याला या तुकड्यांची सवय झाली असती. काकांना चीड आली. नोकरीत ते चीड दाखवू शकले नाहीत, म्हणून निवृत्त झाल्यावर गावावर काढली. गावानं त्यांचं नाव फुलफॉर्मकाका ठेवलं. हा शब्द त्यांच्या कानावर गेला तेव्हा ते म्हणाले, "फुलफॉर्म इंग्रजी हाय, पण पुरा हाय. चालते."

डॉक्टर म्हणाले, "काका, बीपी वाढलाय." काका म्हणाले, "रक्तदाब म्हणा, म्हंजे मले भेव वाटंन." गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी सकाळी 'जीएम' टाकलं की खाली काकांचा संदेश ठरलेला : 'शुभ प्रभात असे पूर्ण लिहावे, ही विनंती.' ग्रुपवर कोणाच्या मृत्यूची बातमी आली आणि लोकांनी 'भा.पू.श्र.' लिहायला सुरुवात केली की मात्र ते खरोखर भडकत. मला हाक मारून म्हणत, "राजेंद्र, पाह्य. माणूस मेला त्यांचा. अन् यायले त्याच्यासाठी पुरा एक शब्द जड झाला."

मला सगळं गाव राजू म्हणतं. माझी आईसुद्धा राजूच म्हणायची. काका एकटे राजेंद्र म्हणतात. त्यांची आणि माझी भिंत एक आहे, त्यामुळे हे राजेंद्र मला दिवसातून बऱ्याच वेळा ऐकू येतं.

बालाजीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे. भांडी विकतो आणि त्यांच्यावर नावं घालून देतो. मला माणसांचा राग फार लवकर येतो. भांड्यांचा येत नाही. एका हातात भांडं, एका हातात नावाचं मशीन, आणि गर्रर्र आवाज सुरू झाला की समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. या धंद्यातलं हे मोठं सुख आहे.

आता हा धंदा सगळा तुकड्यांवर चालतो. 'चि. सौ. कां.' नसेल तर लग्नाचा आहेर होणार कसा? 'श्री. व सौ.' नसेल तर वास्तुशांतीचं ताट कोण घेईल? काका एकदा पुतणीच्या लग्नासाठी चमचे घेऊन आले आणि म्हणाले, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी लिही."

"काका, चमच्याच्या दांडीवर बसत नाही ते."

"मंग दांडी मोठी असलेले दे."

शेवटी भात वाढायचे मोठे डाव घेऊन गेले. त्या पुतणीकडे आजही डझनभर डाव आहेत आणि चमचा एक नाही, असं ऐकतो.

या माणसाला एकच मुलगा, अभिजित. मुलगा बापासारखा नव्हता. तो लहानपणी माझ्या दुकानात येऊन रिकाम्या डब्यांचे मनोरे रचायचा, पडले की खदखदा हसायचा. शिकून पुण्याला गेला, पुण्याहून एस्टोनिया नावाच्या देशात गेला. हा देश कुठं आहे हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी नकाशा आणून माझ्या काउंटरवर पसरला आणि वरच्या अंगाला बोट ठेवलं. एवढ्याशा जागेत नावही पुरतं मावलं नव्हतं, अर्धं समुद्रात छापलं होतं. काकांना ते बरं वाटलं. "समुद्रात गेलं, पण तोडलं नाही," म्हणाले.

तिथंच अभिजितनं लग्न केलं. मुलीचं नाव कात्रीन. काकूंनी, म्हणजे सुलोचनाकाकूंनी, तीन दिवस भाकरी नीट खाल्ली नाही, चौथ्या दिवशी सुनेचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "दिसाले गरीब हाय बापा." पुढं नात झाली, लीना. आणि इथं काकांनी ती गोष्ट केली, जी करायला मापारीच पाहिजे.

तिकडे जन्माची नोंद करताना मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच लिहितात. बापाचं नाव मध्ये घालायची त्यांच्यात रीत नाही. अभिजित कचेरीतून फोनवर बोलत होता आणि काका इकडून माझ्या दुकानात उभं राहून, सगळा रस्ता ऐकेल अशा आवाजात सांगत होते, "मधलं नाव सोडू नको. नाव पुरं लिही. लीना अभिजित मापारी. बाप मधात असला पाह्यजे. नाही मानत तं सांग त्यायले, आमच्या देशाची रीत हाय."

अभिजित हसला असणार. पण त्यानं बापाचं ऐकलं. तिकडच्या बाईनं हे परक्या देशाचं काहीतरी आहे असं समजून लिहून घेतलं. झालं असं की त्यांच्या हिशेबानं ते बापाचं नाव झालंच नाही. मुलीला ठेवलेलं दुसरं नाव झालं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या पोरीचं नाव लीना बबन ठेवावं, तसं. त्या वेळी आम्ही सगळे यावर पोट धरून हसलो. मी बारशासाठी वाट्या कोरल्या, त्यांच्यावर पूर्ण नाव आलं, काका खूश झाले.

लीना सहा वर्षांची असताना अभिजित गेला. हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर गाडी घसरली. एवढंच आम्हाला कळलं, आणि यापेक्षा जास्त कळून काय करायचं होतं?

काका-काकूंचे पासपोर्ट नव्हते. काढायचे काढायचे म्हणून राहून गेले होते. तिकडे अंत्यविधी झाला तो आम्ही फोनवर पाहिला. दुपारची वेळ होती. काकांच्या पुढच्या खोलीत गल्लीतली माणसं भिंतीला टेकून बसली होती. फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. तिकडे एक साधी खोली, मेणबत्त्या, बंद पेटी, काळ्या कपड्यांतली थोडीशी माणसं. चित्र मध्येच अडकायचं. काकू एकच गोष्ट म्हणत होत्या, "तिले म्हणा अभीचं तोंड दाखव. एकडाव दाखव म्हणा."

काकांनी फोन हातात घेतला. कात्रीनला इंग्रजी येत होतं, काकांना कचेरीचं इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, "काइंडली." थांबले. परत म्हणाले, "काइंडली." पुढचा शब्द त्यांना येईना. कात्रीन तिकडून रडत काहीतरी विचारत होती आणि हा जन्मभर दुसऱ्यांचे शब्द पुरे करणारा माणूस त्या एका शब्दावर उभा होता. मग चित्र गेलं. परत आलं तेव्हा पेटी नेलेली होती.

मी ते कधी विसरणार नाही. काकू त्यावर काकांना एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर 'भा.पू.श्र.' सुरू झालं. एकाखाली एक, लांबच लांब. काकांचा खाली काहीच संदेश आला नाही. तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस संपला.

वर्षश्राद्धाला नातेवाइकांना भांडी वाटायची आमच्याकडे पद्धत आहे. काका गडवे घेऊन आले. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. मी मशीन सुरू करण्याआधी विचारलं, "काका, कै. टाकू न?"

"काय टाकतं?"

आता या माणसापुढे तुकडा बोलायची सोय नाही, म्हणून मी खाली मान घालून पूर्ण शब्द बोललो. "कैलासवासी."

काका गडव्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "चिरंजीव लिही."

"काका, खाली 'यांच्या स्मरणार्थ' येणार हाय."

"खाली काय येते ते मले माहीत हाय. वर चिरंजीव लिही. पुरं लिही."

मी लिहिलं. सगळ्या गडव्यांवर 'चिरंजीव अभिजित पुरुषोत्तम मापारी यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलं. त्यानंतर साखरखेर्ड्यापासून जालन्यापर्यंतच्या नातेवाइकांनी मला फोन करून शिव्या घातल्या. भांडेवाल्याला अक्कल नाही, मेलेल्या माणसाला चिरंजीव लिहितो, असं ठरलं. एक गृहस्थ तर गडवा घेऊन दुकानात आले, "हे खोडून द्या, घरात ठेवाले भेव वाटते" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, कोरलेलं खोडता येत नाही. पाणी भरा अन् भिंतीकडं तोंड करून ठेवा." मला खरं तर तो गडवा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटत होता. चूक कोणाची हे मी कोणाला सांगितलं नाही. ती चूक होती असं मला आजही वाटत नाही.

एस्टोनियन भाषा शिकायचं खूळ यानंतरचं. अभिजित होता तोवर लीना थोडं मराठी बोलायची. 'आजी जेवली का', 'पाणी दे', असं. दर रविवारी दुपारी कात्रीन नेमानं फोन लावायची. बाई शब्दाची पक्की आहे. पण बाप गेल्यावर त्या पोरीशी मराठी बोलणार कोण? आधी 'जेवली का' गेलं, मग 'पाणी' गेलं. एका रविवारी काकूंनी "लीनाबाई, कशी हायेस माय?" असं विचारलं आणि पोरगी आईकडे पाहायला लागली. काकूंनी फोन काकांच्या हातात दिला आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. ती घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. "राजेंद्र, पोरगी हातची चालली. आता तिची बोली मलेच शिका लागते."

वयाच्या सत्तरीत! मी म्हटलं, "काका, फोनात भाषांतर होते न आजकाल." काका म्हणाले, "होते. पण लीना लिहिते ते नाही होत. ती आता स्वतः लिहाले लागली. अन् सारे तुकडे लिहिते. फोनाले तुकडे समजत नाहीत."

नशिबाची थट्टा म्हणतात ती ही. आख्ख्या पृथ्वीवर तुकड्यांचा एवढा राग असलेला दुसरा माणूस नसेल, आणि त्याची एकुलती एक नात आजोबांशी तुकड्यांत बोलते. काकांनी कुठून तरी त्या भाषेचं पुस्तक मिळवलं, झेरॉक्स काढून बाइंडिंग करून घेतलं. पुस्तक माणसं पहिल्या पानापासून शिकतात. काकांनी शेवटच्या पानापासून सुरुवात केली, कारण शेवटी शॉर्टफॉर्मची यादी होती. पाण्याला काय म्हणतात हे माहीत नसताना या माणसाला 'वगैरे' येत होतं.

"जे एन ई," ते माझ्या काउंटरवर बोट आपटून सांगत. "या नी एदसी. म्हंजे वगैरे. एन टी म्हंजे नॅइतेक्स, उदाहरणार्थ. एल पी म्हंजे लुगुपेएतुद. आपलं माननीय. पाह्य, तिथं बी माननीयाले दोनच अक्षरं. अन् टिंब बी देत नाहीत बे हे लोकं! टिंब नाही तं कसं समजावं का शब्द तुटेल हाय?"

गिऱ्हाईक समोर कुकर घेऊन उभं असायचं आणि मी या नी एदसी म्हणत असायचो. माझ्या मुलाला मराठी महिने पाठ व्हायच्या आधी मला त्या भाषेतले महिने पाठ झाले. यादीत एका ठिकाणी 'सुर्न' असं काहीतरी होतं. मी बोट ठेवून विचारलं, "अन् हे काय हो काका?" काकांनी माझं बोट उचलून खालच्या ओळीवर ठेवलं. "हे सोड. पुढचं पाह्य." मी नंतर फोनवर पाहिलं. त्याचा अर्थ 'मृत' असा होता. तेवढा एकच शॉर्टफॉर्म मापारीकाकांनी कधी उघडला नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी नातीला तयारी करून बोलून दाखवलं. "माननीय लीना, उदाहरणार्थ मी आजोबा आहे, वगैरे," अशा अर्थाचं काहीतरी ते झालं असावं. पोरगी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. बापाचं हसू होतं ते, मनोरा पडल्यावरचं. काकूंनी आतून धावत येऊन ते पाहिलं. त्या दिवशी त्या घरात शिरा झाला आणि भिंतीवरून एक वाटी माझ्याकडेही आली.

मग पोरगी रोज लिहायला लागली. 'के एल ई' म्हणजे कूले, ऐक ना. 'व्ही बी' म्हणजे कदाचित. 'एम डी ई ए' म्हणजे मला माहीत नाही. ही यादी पुस्तकात नव्हती, ही पोरांची यादी. काका कुठून कुठून शोधून ती उघडत. सगळं सुरळीत चाललं होतं. पण खोड जाते कुठं? एक दिवस मी पाहिलं, काका उत्तर लिहीत होते. पोरीनं काहीतरी चार तुकड्यांचं लिहिलं होतं आणि हे खाली प्रत्येक तुकडा पुरा करून, दुरुस्त करून परत पाठवत होते. वर, असे पूर्ण लिहावे, ही विनंती.

मी म्हटलं, "काका, नातीले काऊन आवक-जावक करून राह्यले तुम्ही?"

"सवय लागली पाह्यजे तिले."

सवय लागली नाही. पोरीनं लिहिणं बंद केलं. नऊ वर्षांचं लेकरू ते, त्याला शाळेत एक मास्तर पुरे असतो. पुढच्या रविवारी फोनवर आली, हात हलवला, गेली. त्याच्या पुढच्या रविवारी 'ती मैत्रिणीकडे आहे' असं कात्रीन म्हणाली. काका रोज सकाळी फोन उघडून पाहत आणि मग माझ्या दुकानात येऊन पालथ्या घातलेल्या टोपावर बसत. एसटी म्हणणारे येत-जात होते. ते कोणाला काही म्हणत नव्हते.

अशात कात्रीनचा संदेश आला. फार नीट, फार अदबीनं लिहिलेला. शाळेत नव्या बाईंनी हजेरी घेताना लीनाचं पूर्ण नाव वाचलं होतं. पोरांनी विचारलं, अभिजित म्हणजे काय? कोणीतरी शोधून काढलं की ते पुरुषाचं नाव आहे. तेव्हापासून पोरं तिला त्याच नावानं हाक मारून चिडवत होती. लीना रडत घरी येत होती. तर ते मधलं नाव काढून टाकावं असा विचार आहे. कायद्यानं विचारायची गरज नाही, पण तुमच्या मुलाचं नाव आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय मी करणार नाही, असं तिनं लिहिलं होतं.

काकांनी तो संदेश मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "मी लावलं न ते नाव. इथंच उभा राहून लावलं."

इथंच उभे होते, मी साक्षीदार होतो.

काकू मात्र बोलल्या. भिंतीच्या अलीकडे मला स्पष्ट ऐकू येत होतं. "काढू देऊ नका. राख बी तिकडंच राह्यली त्याची. तेवढं नावच तं हाय कुठंतरी हजेरीत. कोणीतरी बोलावते तं खरं त्याले." आणि मग, "तुम्हीच म्हणत होते न, तोडू नये, तोडू नये?"



त्या आठवड्यात काका चार ओळी घोकत होते. माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, ओठ हलवत. ते नातीलाच विचारणार होते. तिच्या बोलीत, भाषांतराशिवाय. तिनं 'काढ' म्हटलं तर काढा म्हणून सांगायचं. आणि ती फोनवर आलीच नाही तर? हे मी विचारलं नाही.

रविवारी काकांनी मला बोलावून घेतलं. काकू दाराच्या चौकटीत बसल्या, पाठ आमच्याकडे करून. फोन लागला. कात्रीन दिसली, तिनं आत हाक मारली, बराच वेळ रिकामी खुर्ची दिसत राहिली. मग लीना आली. वाटीतून काहीतरी खात होती. काकांकडे न पाहता बसली.

काकांनी घसा साफ केला. घोकलेल्या चार ओळी होत्या, त्यातली एकही त्यांना आठवेना. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तो 'काइंडली'चा चेहरा होता. मी देवाची प्रार्थना वगैरे करत नाही, पण त्या क्षणी बालाजीला सांगितलं की आता याला एक शब्द दे.

काकांनी काहीही न आठवून शेवटी एवढंच म्हटलं, "कूले." ऐक ना. आणि मग थांबून म्हणाले, "के एल ई."

पोरीनं वर पाहिलं. आजोबांच्या तोंडून तुकडा! ती थोडीशी हसली. तिनं बाजूचा एक कागद उचलून फोनसमोर धरला, तिनं काढलेलं चित्र होतं. घर, झाड, एक कुत्रं. खाली कोपऱ्यात नाव लिहिलं होतं. लीना, मग एक इंग्रजी ए, त्याच्यापुढं टिंब, मग मापारी. शाळेत आता असंच लिहिते, असं ती म्हणाली. म्हणजे मला ते नंतर कळलं, तेव्हा मी काकांचा चेहरा पाहत होतो.

काका त्या अक्षराकडे पाहत राहिले. अभिजितचं एक अक्षर राहिलं होतं. मग त्यांनी सगळ्या जगाला विचारतात तोच प्रश्न नातीला विचारला, पण इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आला. ए म्हणजे काय?

लीनानं चमचा तोंडातून काढला. तिला तो प्रश्न फार सोपा वाटला असावा.

"इस्सी," ती म्हणाली, आणि परत खायला लागली.

मला हा शब्द येत नव्हता. काकांच्या यादीत तो नव्हता. मी काकांना विचारलं, काय म्हणाली? दारातून काकूंनी मान न वळवता विचारलं, "काय म्हणे हो ती?"

"बाबा," काका म्हणाले. "ए म्हंजे बाबा, म्हणे."

काकू उठल्या नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. फोनमध्ये पोरगी कुत्र्याबद्दल काहीतरी सांगत होती आणि काका हो हो म्हणत होते, त्यांना त्यातलं किती कळत होतं देव जाणे.

सोमवारी मी दुकान उघडत होतो तर काका पायरीवर बसलेले. हातात स्टीलची एक वाटी, छोटी, जाड बुडाची. माझ्याच दुकानातून कधीतरी नेलेली, न वापरलेली. म्हणाले, "पाठवाची हाय तिकडं. नाव टाक."

मी मशीनची वायर जोडली. "काय लिहू?"

त्यांनी कागद दिला नाही. बोटानं काउंटरवर लिहून दाखवलं, तिनं लिहिलं होतं तसं. मी लीना कोरलं. मग ए कोरला आणि हात थांबला. इतक्या वर्षांची सवय, मी वाटी फिरवून पाहिली. काठाला भरपूर जागा होती.

"काका, जागा हाय. पुरं बसते. लिहू?"

काकांनी वाटी माझ्या हातातून घेतली, त्या अक्षरावरून अंगठा फिरवला, कोरताना निघालेला चुरा फुंकरीनं उडवला आणि वाटी परत दिली.

"नको," म्हणाले. "तिले ठाऊक हाय."

मी ए पुढं टिंब दिलं आणि मापारी कोरायला घेतलं.